खांद्यावरचा टॉवेल

शुक्रवार, अझैबा

अमेरिकेत रियाच्या कॉलेजची बास्केटबॉलची सेमीफायनल. हरलं की खलास, आणि तिचं हे शेवटचं वर्ष. लॅपटॉपवर ती सारा वेळ बाकावरच दिसत होती, खांद्यावर टॉवेल टाकून. मॅच संपत आली तेव्हा कोचने तिला उतरवलं. टॉवेल तिने ठेवला की फेकला? फेकलाच. इथे आखातातल्या घरात आम्ही नवरा-बायकोंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. शेवटी हरलेच. ठीक आहे.

मग तिचा फोन आला. "डॅडी, मॅच हातची गेली की मगच मला घेतात. मम्मीला सांगू नको."

नाही सांगणार. मम्मी आत्ता किचनमधून वसईला फोनवर सांगतेय, "टीम अडचणीत आली, तेव्हा आमच्याच रियाला बोलवावं लागलं!"