दर गुरुवारी ‘बऱ्या आहेत’

प्रिय सुमनताई,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, पण आज ते मनापासून आलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी तुमच्यावर चिडलेय. तुम्हाला जाऊन अडीच महिने झाले. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. म्हणोत बापडे. मला तेव्हापासून दुसरं काही जमलेलं नाही.

आजच का लिहितेय? कारण आज मी माले गावात एका घरी जाऊन ओरडले. नऊ वर्षं तुमच्या हाताखाली लोकांची भांडणं ऐकली, कुणाच्या घरात कधी आवाज चढवला नाही. आज चढवला, तोही एका सत्तरीच्या माणसावर. आता पौडला आपल्या समुपदेशन केंद्रात येऊन बसलेय. तुमच्याच खुर्चीत बसलेय. दुपारचे तीन वाजलेत.

ते घर तुम्हाला माहीत आहे. शिवराम आण्णा, त्यांचा मुलगा दत्ता आणि सून रेश्मा. दत्ताने न विचारता बैलजोडी विकली, तेव्हापासून बापलेकांची बोलचाल बंद. दोन वर्षं झाली. एका घरात राहतात, एका बरणीतलं लोणचं खातात आणि सगळं बोलणं रेश्माच्या तोंडून. तुम्ही आजारी पडलात म्हणून ती केस माझ्याकडे आली. आज माझी चौथी भेट होती.

तुम्ही शिकवलं तसंच सगळं केलं. पिशवीतून तुमची सतरंजी काढली, ओट्यावर अंथरली. कुणी बाजेवर नाही, कुणी खुर्चीत नाही, सगळे खाली, एका पातळीवर. चहा आला की बोलणं थांबवायचं आणि चहा आणणारी बाई टेकेपर्यंत पुढे जायचं नाही, हाही तुमचाच नियम. मी थांबले. रेश्मा टेकली. पण आण्णा काही बाजेवरून उतरेनात. तिथूनच म्हणाले,

“रेश्मा, सांग त्याला, वरच्या खाचराचा बांध फुटलाय.”

दत्ता दोन हातांच्या अंतरावर बसलेला. तो कपाकडे बघत म्हणाला, “आण्णांना सांग, मला ऐकू येतंय.”

“त्याला म्हनावं, ऐकू येतंय तर मग बांध कोन घालायचा?”

आणि रेश्मा खरंच तोंड उघडायला लागली हो ताई. ती सांगणारच होती. दोन वर्षांत तिची मानसुद्धा तशी झालीय, एकदा इकडे वळते, एकदा तिकडे. ते बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

“ती काय पोस्टमन हाय का?” मी ओरडले. “आण्णा, उद्या तुमी मेलात, तर शेवटचं बोलनंबी हिनंच पोचवायचं का? आनि ह्यानं ऐकून घ्यायला न्हाई म्हटलं, तर हिनं ते घेऊन कुटं जायचं? जल्मभर उरावर घेऊन फिरायचं?”

माझी घरची बोली तोंडातून बाहेर पडली. तुमच्यासमोर मी ती नऊ वर्षं दाबून ठेवली होती.

रेश्माने चहाचा कप खाली ठेवला. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मग म्हणाले, “बाई, तुमचं कोन गेलंय?”

सांगा ताई, काय उत्तर देणार होते मी? माझी आई जिवंत आहे. बाप जिवंत आहे. ज्या नवऱ्याचा मार खाऊन मी पहिल्यांदा तुमच्या दारात आले, तो नवरासुद्धा जिवंत आहे. मग गेलंय कोण माझं? तुम्ही कोण माझ्या?

नियम काय होता तुमचा? पहिल्याच दिवशी सांगितलेला, मी वहीत लिहून घेतलेला. “सारिका, कुणाचाही निरोप न्यायचा नाही. ज्याचं बोलणं त्याने बोलायचं. आपण निरोप नेला की त्यांच्यातली वाट आपणच बंद करतो.” प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक बाईला तुम्ही हे ऐकवलंत. टाळ्या घेतल्यात त्यावर. आणि स्वतःच्या घरात काय केलंत?

चार वर्षांपूर्वी तुमची गार्गी रडत म्हणाली, आई, मला या माणसाबरोबर राहायचं नाही. तुम्ही काय केलंत? बावधनहून सूसला गेलात, ते सतरंजी घेऊन! पोटच्या पोरीच्या फ्लॅटमध्ये सतरंजी अंथरलीत. नवऱ्याला दहा मिनिटं, बायकोला दहा मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही. जावई गोड बोलणारा, त्याने दहा मिनिटांचं सोनं केलं. गार्गी मध्येच रडायला लागली, तर तुम्ही म्हणालात, “गार्गी, त्याचं पूर्ण होऊ दे.”

ती उठली. म्हणाली, “मी तुझी केस नाही, आई. मुलगी आहे.” आणि तुम्हाला दार दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला हे सगळं सांगितलंत. वर काय म्हणालात आठवतं? “मी तटस्थ राहिले, सारिका. सोपं नव्हतं.” मी मान डोलावली. माझीही चूकच झाली. तेव्हाच म्हणायला हवं होतं, अहो, आईने कसलं तटस्थ राहायचं? परक्या बायकांच्या बाजूने तुम्ही पोलीस चौकीत रात्री काढल्यात. माझ्या सासूसमोर माझा हात धरून उभ्या राहिलात. आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी नेमकी तुम्हाला शिस्त आठवली?

मग बोलणं बंद. तुम्ही बावधनला, ती सूसला, मध्ये एवढीशी टेकडी. गाडीवर वीस मिनिटं. ट्रॅफिक असला तर चाळीस म्हणा. चार वर्षांत ना तुम्ही ती टेकडी ओलांडलीत, ना तिने.

पण ती दर गुरुवारी मला फोन करायची. डबा खायच्या सुट्टीत. “सारिकाताई, आई बरी आहे ना?” एवढंच. मी तुम्हाला येऊन सांगायचे, गार्गीचा फोन होता. तुम्ही फाइलमधून मान वर न करता विचारायचात, “जेवते ना नीट?” झाले की नाही मी निरोपी? तुम्हीच केलंत मला, आणि दोघींनाही ते सोयीचं होतं.

मग तुमचं दुखणं निघालं आणि तुम्ही मला शपथ घातलीत. “गार्गीला कळता कामा नये. दयेने आलेली मुलगी मला नको. भांडायला आली तर चालेल.” असली कसली अट? त्या पोरीला कळल्याशिवाय ती भांडायला तरी कशी येणार होती?

सहा महिने, ताई. केमोच्या वॉर्डाबाहेर त्या हिरव्या बाकड्यावर बसून मी गुरुवारचा फोन उचलायचे. आत तुम्ही ओकत असायचात आणि मी म्हणायचे, “बऱ्या आहेत. मीटिंगमध्ये आहेत.” मी तुमचं मीठ खाल्लंय, तुमच्यामुळे माणसात आले, म्हणून गप्प बसले. आणि तुम्हाला ते माहीत होतं. दुसऱ्या कुणी असं केलं नसतं म्हणूनच तुम्ही मला गाठलंत. त्याचाच मला जास्त राग आहे.

आणि तो शेवटून दुसरा दिवस. ऊन पडद्यातून तुमच्या पायांवर आलेलं. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, “गार्गीला सांग, त्या दिवशी मी तिच्या बाजूला बसायला हवं होतं.”

मी म्हटलं, “मी नाही सांगणार. फोन लावते, तुम्हीच सांगा.” नंबर काढला. तुम्ही फोनवर हात ठेवलात. “आत्ता धाप लागतेय. उद्या.”

उद्या! लोकांना काय सांगायचात तुम्ही? “उद्यावर ढकललेलं बोलणं शिळं होतं.” माझं बोट त्या हिरव्या बटणापासून एवढंसं लांब होतं, ताई. दाबायला हवं होतं. तुमचा हात बाजूला करायला हवा होता. सुरकुतलेला, सुया टोचून काळानिळा पडलेला हात, त्यात कितीशी ताकद असणार? पण मी तुमचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तुमची शुद्ध गेली, आणि मी गार्गीला फोन केला तेव्हा ती येऊन काही ऐकण्यासारखं उरलं नव्हतं.

अग्नी तिनेच दिला. निघताना माझ्याजवळ आली. रडत नव्हती. म्हणाली, “तू रोज बघत होतीस, सारिकाताई. आणि दर गुरुवारी मला ‘बऱ्या आहेत’ म्हणालीस.” त्यानंतर तिचा फोन नाही. आजही गुरुवार आहे. डब्याची वेळ टळून गेली.

तुमचं ते एक वाक्य अडीच महिने माझ्यापाशी पडून आहे. ते मी का न्यायचं? तुमची आई-लेकीची गोष्ट, तुमची चूक, आणि दारात उभं राहून शिव्या खायच्या मी? असंच म्हणत होते आजपर्यंत. रेश्माची वळणारी मान बघितली आणि कळलं, मी तिच्यावर नाही, आण्णांवरही नाही, तुमच्यावर ओरडतेय. आणि थोडी माझ्यावर.

आण्णांचं राहिलंच सांगायचं. मी नुसती रडायला लागले. नऊ वर्षांत तेही पहिल्यांदाच. तेव्हा ते बाजेवरून उतरले. खाली बसले, आम्हाला बाजूला सरकवून सतरंजीची घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली. आणि म्हणाले, “दत्ता, बाईच्या हाताला कापरं भरलंय. त्यांची गाडी तू चालव. पौडला सोडून ये.”

दत्ताने मागे वळून बघितलं, जणू मागे दुसरा कुणी दत्ता उभा आहे. मग म्हणाला, “व्हय, आण्णा.”

रेश्माने तोंडाला पदर लावला. तुमच्या नियमाने चार भेटींत जे झालं नाही, ते मी नियम मोडून रडले तेव्हा झालं. याचाही मला रागच आला, खरं सांगते. तुम्ही असतात तर मला आधी झापलं असतंत आणि मग चहा पाजला असतात. आता झापायला कुणी नाही, म्हणून मीच तुम्हाला झापतेय.

तर ऐका. उद्या सकाळी मी माल्याला जाईन आणि आण्णांची माफी मागेन. म्हाताऱ्या माणसाला मेलात म्हणणं वाईटच. पण त्याआधी, आत्ता हे पत्र संपलं की, मी सूसला जाणार आहे. गार्गीने दार उघडलं तर ठीक. नाही उघडलं तर जिन्यात बसेन.

तुमचं वाक्य मी तिला सांगेन, पण ते दुसरं. पहिलं माझं सांगेन, की मी सहा महिने तुझ्याशी खोटं बोलले आणि ते मला कुणी करायला लावलं असलं तरी बोलले मीच. ती ओरडली तर ओरडू दे. तुम्हाला शिव्या घातल्या तर घालू दे. मी मध्ये पडणार नाही, तुमची बाजू घेणार नाही, तिला ‘पूर्ण होऊ दे’ म्हणणार नाही. शपथ तुमचीच.

सतरंजी इथेच कपाटात ठेवून जातेय. तिच्या सोफ्यावर तिच्या बाजूला जागा असेल, तिथे बसेन.

तुमच्यावर रागावलेली, आणि तरीही तुमचीच,
सारिका