टेबलाजवळची खुर्ची

ता. १४, रविवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे मी मजेत, तिकडे तूही मजेत असशील, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं काय ते पुढे बघू.

पत्र मुद्दाम तुझ्या कामावरच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी आलं असतं तर माझं अक्षर बघून आईने दारातच फोडलं असतं. मराठीत का, म्हणशील. इंग्रजी मला तोंडाने येतं, हाताने येत नाही. शाळेने तेवढी वाट बघितलीच नाही. ही अक्षरं आईने परातीत पीठ पसरून बोटाने गिरवून घेतली होती, ती तेवढी राहिली. चुका पोटात घाल.

काम बदललं. लगेच कपाळाला हात लावू नकोस. गाड्या धुण्याचा कंटाळा आला, आता उंच इमारतींना काचा बसवतो. मुकादम तापट आहे, पण शिकवतो. पहिल्याच दिवशी ओरडला, काचेच्या मधोमध काय बघतोस, तडा कडेने सुरू होतो, कडा बघ. तेव्हापासून मला खोडच लागलीय, कुठलीही गोष्ट कडेकडेने बघायची. तुझीसुद्धा.

आता फोनचंच घे. पूर्वी तू फोन घेऊन जिन्यात जायचीस, आई-बाबांच्या चहाड्या सांगून मला हसवायचीस आणि शेवटी "घरी ये नालायका" म्हणून ठेवून द्यायचीस. हल्ली उचलल्या उचलल्या स्पीकर लावतेस. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा. असा पहारा बसवून बोलणाऱ्या माणसाला काय विचारायचं? आणि 'घरी ये' तर बंदच झालं. उलट "तिकडेच जम बसव" म्हणतेस. मला वाटलं, चला, हीपण कंटाळली एकदाची.

मग मंगळवारी तू कामावर असताना आईचा फोन आला. भाजी निवडत बोलत होती. म्हणाली, खोकल्यासाठी बाबांना मोठ्या दवाखान्यात दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने तब्येत उत्तम आहे, काळजीचं काही कारण नाही.

ते वाक्य डॉक्टरांचं नव्हतं ताई. ते तुझं होतं.

या परक्या देशात त्या दोघांना इंग्रजी कळत नाही, म्हणून कळायला लागल्यापासून आपण दोघं त्यांचे कान आणि तोंड. बँकेत, दवाखान्यात, घरमालकासमोर, कुठेही गेलं की मोठी माणसं आपल्या डोक्यांवरून एकमेकांकडे बघायची आणि बोलायचं आपण. घरमालक बाबांना जे काही बोलला, ते मी शब्दाला शब्द सांगून टाकलं होतं, आठवतं? बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. तू मला भोंगा नाव ठेवलंस आणि ते काम कायमचं तुझ्याकडे गेलं.

तुझं कसब मी शाळेत बघितलं. मोठ्या बाई मला शाळेतून काढताना केवढं तरी बोलत होत्या. हातवारे, वही आपटणं, सगळं. तू सगळं ऐकून घेतलंस आणि बाबांना एका दमात सांगितलंस, "बाई म्हणतात, याच्या हातात कला आहे, याला पुस्तकात अडकवू नका." बाबा उठले, बाईंना हात जोडले आणि डोळे पुसत त्यांचे आभार मानले. बाईंचा चेहरा आठवला की मला अजून हसू येतं. आणि बाबा अजून सगळ्यांना सांगतात, पोराच्या हातात कला आहे.

त्या दिवशी मला एक कळलं. खरं सांगताना तू अडखळतेस. "म्हणजे... ते काय म्हणतात, की..." असं चाचपडत शब्द शोधतेस. खोटं सांगताना मात्र नळाला पाणी यावं तशी बोलतेस. आईने सांगितलेल्या वाक्यात कुठे खडासुद्धा नव्हता.

म्हणून माझी खात्रीच झाली, की बाबांना काहीतरी मोठं झालंय आणि तू दाबून ठेवलंयस. असा संताप आला तुझा. म्हटलं, बाप काय हिच्या एकटीचा आहे? आईला म्हटलं, बाबांना दे.

बाबा भलतेच खुशीत. म्हणाले, "अरे, काय डॉक्टर होता! मला हातसुद्धा लावला नाही. नुसत्या नजरेने ओळखलं." इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते, वरची बटणंही काढून तयार बसले होते. पण डॉक्टरांनी नळी कानाला लावलीच नाही. सगळा वेळ ताईशीच बोलत होते म्हणे, फार सभ्य माणूस. ताई पुढे टेबलाजवळ, आणि हे दोघं मागे भिंतीशी.

मी विचारलं, टेबलाजवळ तुम्ही नव्हता?

"तिला नीट ऐकायचं असतं ना सगळं, म्हणून बसली पुढे."

ताई, टेबलाजवळच्या खुर्चीत कोण बसतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. ज्याचं दुखतंय तो बसतो. आपण बाजूला उभं राहायचो.

मग मी आईला घोळात घेतलं. ती हसत हसत सांगत होती, की ताईच्या कोपराशी कापूस चिकटवलेला होता. आलोच आहोत तर रक्तदान करून टाकलं, असं तू तिला सांगितलंस. सुई दिसली की पलंगाखाली शिरणारी माझी बहीण रक्तदान करून आली! आई म्हणाली, बघ, पोरगी किती धीट झाली. मी हो म्हटलं.

फोन ठेवताना बाबांना पुन्हा उत्साह आला. संध्याकाळी तू दोघांना इंग्रजी शिकवतेस म्हणे. इतकी वर्षं आपण डोकं फोडून घेतलं, तेव्हा ते शिकले नाहीत. आता तू रोज समोर बसवून पाठ करून घेतेस. बसवाल्याला काय विचारायचं, औषधाच्या दुकानात काय बोलायचं. बाबांनी मला म्हणून दाखवलं, "आय नीड ॲन इंटरप्रिटर." आणि स्वतःच हसले. म्हणाले, "घरात दोन-दोन दुभाषे असताना मला हे कशाला लागतंय रे?"

मला काही हसता आलं नाही.

तू म्हणशील, भोंग्या, तू जन्माचा संशयी. असेन. मी चुकलो असेन तर दारातच कान पीळ, वर जेवायलाही देऊ नकोस. पण मला वाटतं, तुला त्या खोलीत एकटीने जाववेना. कुणीतरी मागे बसलेलं हवं होतं. म्हणून तू आई-बाबांना नेलंस, त्यांच्याच खोकल्याचं निमित्त करून. डॉक्टर तुला ते सगळं सांगत होते तेव्हा बाबा सवयीने मान डोलवत असतील. सभ्य माणूस बोलतोय म्हणून. आणि मग तू मागे वळून ते वाक्य त्यांना सांगितलंस. नळाच्या पाण्यासारखं. कसं सांगितलंस गं?

तुला माझी भीती वाटली असणार, की हा सगळीकडे वाजत सुटेल. आई-बाबांपाशी मी अजून चकार शब्द काढलेला नाही. पण हे गप्प बसणं तुझ्या तोंडून ऐकेपर्यंतच.

मुकादमाला सांगून टाकलंय, निघतोय. तो म्हणाला, जागा धरून ठेवत नसतो मी. नको ठेवूस म्हटलं. शनिवारी पोचतो. स्टँडवर तू एकटी ये. जिन्यात बसू, पूर्वीसारखं. डॉक्टर जे बोलले ते मला इंग्रजीतच सांग, त्यांचे तेच शब्द. गोड करू नकोस.

पुढच्या वेळी टेबलाजवळ तूच बस. बाजूला मी उभा राहतो. आई-बाबांना काय ते मी सांगेन. मला शब्द सापडायचे नाहीत, मी अडखळेन.

अडखळू दे.

येतोच आहे,
तुझा भोंगा