शेगडी पेटवण्याआधी

काळाचौकी,
मंगळवार, १० नोव्हेंबर २००९

प्रिय मृणाल,

परवा गुरुवारी तुझं ऑपरेशन. फोनवर मी काही सांगायला गेले की तू "हो गं ताई, नेटवर वाचलंय सगळं" म्हणून विषय कापतेस, म्हणून आज ऑफिसला दांडी मारून हे लिहायला बसले आहे. पाच वर्षांपूर्वी याच प्रकारातून मी गेले आहे, तेव्हा तुझ्या नेटपेक्षा मला थोडं जास्त कळतं एवढं मान्य कर आणि शेवटपर्यंत वाच. मधेच सोडून देऊ नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

चरबी काढायची म्हणजे गेलं, झोपलं, उठलं आणि बारीक झालं असं तुला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. घरी येताना टाक्यांच्या भोकांतून गुलाबी पाणी गळायला लागतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. चरबी सैल व्हावी म्हणून आत पाणी भरतात, तेच दीड-दोन दिवस बाहेर येत राहतं. दादरहून टॅक्सीत बसले, लालबागला येईपर्यंत सीटवर हा एवढा डाग. टॅक्सीवाला बिचारा दोनदा मागे वळून म्हणाला, "बहनजी, अस्पताल वापस चलूँ क्या?" तेव्हा जुन्या चादरी काढून ठेव, लेकाच्या बाळपणीची रबरी शीट असेल तर ती गादीवर घाल. आणि त्या चार वर्षांच्या हनुमानाला आठवडाभर सासूबाईंच्या खोलीत झोपव. पोटावर एक उडी पडली तर डोळ्यांपुढे चांदण्या चमकतील.

पट्टा घालतात तो म्हणजे शिक्षाच आहे. श्वाससुद्धा मोजून घ्यावा लागतो. पण तो तुझा मित्र आहे असं समज. डॉक्टर सांगतील तितके आठवडे काढायचा नाही, फक्त अंघोळीपुरता सोडायचा, तोही बसून. मी पहिल्यांदा उभ्याने सोडला आणि मोरीच्या कठड्यावर कोसळता कोसळता वाचले. पट्टा सुटला की गरगरतं. काट्यावर तर उभीच राहू नकोस. चौथ्या दिवशी माझं वजन आधीपेक्षा दोन किलो जास्त भरलं आणि मी उशीत तोंड खुपसून रडले. ती सगळी सूज असते. निळे-जांभळे डाग पोटावरून मांड्यांपर्यंत उतरतात, शाई सांडल्यासारखे. तेही जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाचच रडू येतं, कशाला या फंदात पडले असं वाटतं. तेव्हा मला फोन कर, मी तुला दोन शिव्या घालीन, बरं वाटेल. पण दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात चालायचं, पडून राहायचं नाही. एकच पोटरी सुजली, दुखायला लागली, धाप लागली किंवा ताप चढला तर कुणाचं काही न ऐकता थेट डॉक्टर. हे नवऱ्यालाही सांगून ठेव.

आता ज्याच्यासाठी बसले आहे ते. पोट बधिर होतं, मृणाल. मुंग्या येतात, खाज येते, पण खाजवलं तर बोट लागल्याचंही कळत नाही. आपल्याच अंगावर दुसऱ्याचं कातडं शिवल्यासारखं वाटतं. माझं चार महिने तसं होतं, एका जागी अजून आहे. नेटवर "संवेदना कमी होऊ शकते" असं एका ओळीत असेल, आणि तू ती ओळ वाचून पुढे गेली असशील. मीही डॉक्टरांच्या कागदावर ती वाचली होती आणि कागद घडी करून पाकिटात ठेवून दिला होता.

तुला माहीत आहे, माझ्या ऑपरेशनची आईला किती धास्ती होती. कातडं शाबूत ठेवून आतलं काढतात हे तिला पटेचना. शेवटी तिने आपल्यापुरतं ठरवलं, की पोटातून काहीतरी बाहेर काढलंय म्हणजे ही बाळंतीण. "पोट रिकामा झाला की वारो शिरता गो," एवढं म्हणून तिने माळ्यावरची शेगडी खाली काढली. डॉक्टरांनी शेक द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं, ते मी तिला सांगितलं. तर म्हणते कशी, "तो डॉक्टर कधी बाळंत झालो?" मी हसले. तेव्हा हसायला नको होतं.

तू हे हसण्यावारी नेऊ नयेस म्हणून थोडं मागचं सांगते. तुला फक्त गिरण्यांच्या संपात जन्मलेली म्हणून चिडवायचे एवढंच आठवत असेल. संप जानेवारीत सुरू झाला आणि तू ऑक्टोबरात आलीस. मी बारा वर्षांची होते. बाबा गावाहून तांदूळ आणायला गेले होते ते अडकले होते. तिसऱ्या दिवशी आई तुला घेऊन घरी आली. शेजारच्या रमाबाई चाळीतल्या बाळंतिणींना शेकायच्या, त्या लगेच आल्या, पण शेगडीत घालायला कोळसा नव्हता. त्यांच्याकडे नव्हता, कुणाकडेच नव्हता. मी रे रोडच्या लाकडांच्या वखारींत जाऊन पिशवीभर ढलप्या गोळा करून आणल्या. केवढा अभिमान वाटला होता मला! आईने पिशवी बघितली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या ढलप्यांवर आम्हा दोघींसाठी पेज शिजवली. अकराव्या दिवशी ती तुला रमाबाईंच्या मांडीवर ठेवून भाऊच्या धक्क्यावर कोलंबी सोलायला गेली. ओल्या फरशीवर, बर्फाच्या पाण्यात हात घालून, पोटाला फडकं बांधून.

तेव्हापासून तिची कंबर धरली ती धरलीच. शेक मिळाला नाही म्हणून वारा शिरला, असं ती आजही मानते. आणि तेव्हापासूनच चाळीत कुणीही बाळंत झाली की आई शेगडी घेऊन हजर. रमाबाई गेल्यावर ते कामच तिचं झालं. बाबांची मिल पुन्हा उघडली नाही, त्या वर्षांत ती लालबाग-परळच्या किती घरांत शेकायला गेली असेल याची गणती नाही. लोक अजून तिला हाक मारतात, तिच्या हातांना नाव आहे. तुझ्या बाळंतपणात तुलाही तिने सव्वा महिना शेकलं, तू मांजरीसारखी डोळे मिटून पडून असायचीस. म्हणूनच मला तुझी जास्त भीती वाटते. तू नाही म्हणणार नाहीस.

माझ्या ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी दुपारी मी दुखण्याची गोळी घेऊन झोपले होते. आईने शेगडी पेटवली, निखाऱ्यावर ओवा टाकला, तव्यावर कापडाच्या घड्या तापवल्या, पट्ट्याचे हुक सोडले आणि शेकायला बसली. मला अर्धवट जाग होती. ओव्याचा वास येत होता, बरं वाटत होतं, लहान झाल्यासारखं वाटत होतं. तिने मला विचारलं, मृणाल. प्रत्येक घडीला विचारलं, "गरम लागता काय गो?" मी नाही म्हटलं. खोटं नव्हतं ते, मला काहीच लागत नव्हतं. मग तिने घडी आणखी तापवली. आपली खोली दुपारीही अंधारी, तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आणि माझं पोट आधीच जांभळं. त्यात लाल झालेलं तिला दिसणार कसं? किती वेळ चाललं ते मला ठाऊक नाही. शेवटी तिने पट्टा पुन्हा बांधला आणि माझ्या पायांवर चादर घातली.

दुसऱ्या दिवशी अंघोळीला पट्टा सोडला तर उजव्या कुशीजवळ तळहाताएवढे फोड. दुखत नव्हते, त्याचीच जास्त भीती वाटली. आईला बाजारात पाठवलं आणि टॅक्सी करून एकटी दादरला गेले. डॉक्टर भडकले. मी सांगितलं, गरम पाण्याची पिशवी मीच ठेवली होती. नंतर ते कातडं काळं पडलं, कापून काढावं लागलं, सात आठवडे ड्रेसिंग चाललं. ज्या पोटासाठी हा सगळा खटाटोप केला, त्यावर आता असा डाग आहे की मी साडीचा पदर पोटावरून सरकू देत नाही. तुला मी चरबी काढायच्या नळीची जखम चिघळली असं सांगितलं होतं. ते खोटं होतं. आईलाही तेच सांगितलं.

तिला खरं सांगायचा मला धीर झाला नाही. त्या दिवसांत ती रोज सकाळी माझ्यासाठी खिमट करायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्या शेकान उभी रवली चेडू." तिच्या तोंडावरचा तो आनंद मी कुठल्या हातांनी पुसू? संपाच्या वर्षी जे तिला मिळालं नाही ते तिने मला दिलं, आणि त्याने मी भाजले हे तिला कसं सांगू? आज सांगू, उद्या सांगू करता करता पाच वर्षं गेली. मला वाटलं, डाग माझ्या अंगावर आहे, माझ्यापाशी राहील.

आणि गेल्या रविवारी तुझा फोन आला, की आई, तू पंधरा दिवस गिरगावात ये. फोन ठेवल्या ठेवल्या ती स्टुलावर चढली आणि शेगडी काढली. काल सोमवारी कोळसा आणला. कालच तीनदा मी तिच्यासमोर जाऊन बसले. पहिल्यांदा ती कापड फाडून घड्या करत होती, दुसऱ्यांदा ओवा निवडत होती. तिसऱ्यांदा तिने स्वतःच विचारलं, "काय गो, काय होया?" आणि मी म्हटलं, चहा. एवढी मोठी घोडी झाले, ऑफिसात साहेबांशी भांडते, पण आईपुढे माझी वाचा बसते. शेक नको एवढंच सांगून ती ऐकणार नाही, डॉक्टरांचं ऐकलं नाही तर माझं काय ऐकेल? तू गोळी घेऊन झोपलीस की ती तिच्या मनाने करेल. तू तिला अडवू शकणार नाहीस, कारण तुला कळणारच नाही. का नको ते तिला कळलं तरच ती थांबेल. याला दुसरा उपाय नाही, मी रात्रंदिवस विचार केला आहे.

म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. उद्या सकाळी आईच ते घेऊन येईल, तिच्याच पिशवीत घालते आहे. आल्या आल्या ती तुझ्या हातात देईल आणि समोर मांडी घालून बसेल. तुला वाचता यायला लागल्यापासून गावचं प्रत्येक पत्र तिला तूच वाचून दाखवलंस, तेव्हा हेही ती ऐकायला बसेलच. वर तुझं नाव आहे, पण लिहिलंय ते तिच्यासाठी. आधी एकदा मनात वाचून घे, मग सगळं मोठ्याने वाच. फोडांचं गाळू नकोस, मी खोटं बोलले तेही गाळू नकोस. ती रडली तर थांब, पाणी दे, आणि पुढे वाच. आई, आता हे तुलाच. तू दर वेळी विचारून शेकलंस, तुझं काही चुकलं नाही. मी गप्प बसले ते चुकलं. मृणालच्या पोटाला या खेपेला विस्तव दाखवू नकोस. नुसती तिच्याजवळ बस. आणि माझ्यावर रागावली असशील तर रागाव, पण परत आलीस की मला पोट उघडून तो डाग तुला दाखवू दे.

तुमचीच,
शेवंती