चौऱ्याहत्तर हजारांचा बोर्ड

८ एप्रिल, बुधवार

चौऱ्याहत्तर हजार! एका मदरबोर्डचे!

फोपनारच्या देवरामने कॅबिनेट काउंटरवर ठेवून आकडा सांगितला तेव्हा मला वाटलं, पूर्ण कॉम्प्युटरची किंमत सांगतोय. नाही, नुसत्या बोर्डाची. त्याच्या मुलीने, भूमिकाने, परस्पर इंदूरहून आणला. जोडणीही स्वतःच केली, तिच्या जुन्या लॅपटॉपमधली सगळी कामं असलेली डिस्क यात बसवून. मला विचारलं नाही. बऱ्हाणपुरात लोक साधा माऊस घेतला तरी आधी सिंधीपुऱ्यात येऊन मला दाखवतात. सत्तावीस वर्षांत ही पहिली.

आता डिस्प्ले येत नाही, म्हणून आठवण झाली.

देवराम म्हणाला, "भाऊ, तुम्ही चांगला म्हणाल तर चांगला, भंगार म्हणाल तर भंगार. मी ना तिचं ऐकत, ना त्या दुकानदाराचं."

प्रकरण असं आहे. मुलगी इंदूरला ॲनिमेशन शिकून आली. तिथली एक कंपनी नोकरी देते म्हणते, पण आधी दीड मिनिटाची फिल्म करून पाठवायची, पंचवीस तारखेच्या आत. पाठवली तर देवराम लग्नाचं वर्षभर काढणार नाही. नाही जमलं तर सव्वीसला देडतलाईचे मेडिकलवाले सुपारी फोडायला येतील. बाप हे सगळं माझ्यासमोर सांगत होता आणि ती कॅबिनेटचा कोपरा धरून उभी.

उद्या या म्हटलं.

९ एप्रिल, गुरुवार

आज पाहिला. दुकानात शेजारचा गोटू झेरॉक्सवाला होता, दोन गिऱ्हाइकं होती. सगळ्यांना माझे तीस माहीत आहेत. बटण दाबायचं, मोठ्याने तीसपर्यंत मोजायचं. तीसच्या आत डिस्प्ले आला तर बोर्ड जिवंत. नाही आला तर बोर्डावरचा छोटा सेल काढायचा, परत लावायचा, पुन्हा तीस. असं चार वेळा. चारदा नाही म्हणजे मेला. कोणत्याही कॉलेजात हे शिकवत नाहीत. मी रेडिओ उघडत उघडत शिकलो.

पहिले तीस. काळा स्क्रीन. बोर्डावर एक आकडा पेटून तसाच अडकलेला. मी बटणाकडे हात नेला तर पोरगी मध्ये पडली.

"काका प्लीज, बंद मत करो ना! पहिल्यांदा वेळ लागतो त्याला. पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या. घरी लाईट टिकत नव्हती म्हणून तर इथे आणला."

मी म्हटलं, "पंधरा मिनिटांत मला पूर्ण कॉम्प्युटर खोलून परत जोडता येतो, बाई."

"आता तसं नसतं, काका."

आता तसं नसतं! माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकांसमोर. चोवीस वर्षांची!

मग मी मुद्दाम सावकाश मोजलं. दर वेळी सेल काढताना तिच्याकडे बघून काढला. दुसरे तीस. तिसरे तीस. चौथ्याला तिने बघायचंच सोडलं. मी म्हटलं, "देवरामभाऊ, मेला. आणि जिवंत असता तरी या किमतीचा नव्हता. शोभेची वस्तू आहे."

गोटू म्हणाला, "चौऱ्याहत्तर हजारांचा पाट झाला की हो! बसवा पोरीला यावर, लावा हळद!"

सगळे हसले. देवरामही हसला. बाप हसल्यावर तिचं तोंड बघण्यासारखं झालं.

झोप चांगली लागेल आज.

११ एप्रिल, शनिवार

देवराम येऊन गेला. इंदूरचा दुकानदार म्हणतो, बोर्ड कंपनीला पाठवू, महिना लागेल. महिनाभराने काय करायचाय! "इथंच ठेवा भाऊ. घरात दिसला की रडते, जेवत नाही. भंगारात काढा जमलं तर." काढतो म्हटलं.

१५ एप्रिल, बुधवार

लिहावं की नाही. लिहितो. ही वही कोण वाचणार आहे!

बोर्ड उतरवण्याआधी व्होल्टेज मोजावं म्हणून चालू केला. तेवढ्यात समोरच्या शाळेत प्रिंटर अडकला म्हणून बोलावणं आलं. बंद करायचा राहिला. परत आलो तर मागच्या खोलीत स्क्रीन उजळलेला. मधोमध तिचं नाव, खाली पासवर्डची चौकट.

पुढे होऊन ते नाव दोनदा वाचलं.

परत बंद केला. सेल काढला, लावला. घड्याळ समोर ठेवून बसलो. चौदा मिनिटं! रॅमच्या चार पट्ट्या, एकशे अठ्ठावीस जीबी. नवा बोर्ड आधी एकेक पट्टी तपासतो, तिच्याशी जुळवून घेतो, मगच डिस्प्ले देतो. सेल काढला की सगळं विसरतो, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे त्या दिवशी मी दर तीस सेकंदांनी त्याचा गळा दाबत होतो आणि वर मोठ्याने मोजत होतो.

पोरगी बरोबर होती.

देवरामला उद्या फोन करतो.

१६ एप्रिल, गुरुवार

फोन केला नाही. सकाळी गोटू आल्या आल्या म्हणाला, "काय दत्तूभाऊ, पाट खपला का?" चौकातल्या चहावाल्यालाही गोष्ट पाठ आहे. आता मी म्हणू, की पोरगी बरोबर आणि दत्तू चूक? उद्यापासून लोक माझे तीस मोजतील, माझ्याच तोंडावर.

बोर्ड मात्र नीट पाहिला. भिंग लावून पाहिला. खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो. वीज पोचवणारे टप्पे मोजले, बावीस! साध्या बोर्डात आठ-दहा असतात. त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा खरा ठोकळा, रंगवलेला पत्रा नाही. मागून पोलादी पाठ. दोन मोठी ग्राफिक्स कार्डं शेजारी शेजारी बसून एकमेकांना तापवत नाहीत, एवढी जागा सोडली आहे. एकही सांधा कच्चा नाही. इंटरनेटची वायर लावून पाहिली, पोर्टचा दिवा लगेच लागला. स्क्रीन बंद करून ठेवला, कॅबिनेट चालूच राहू दिला, वायरही तशीच. रात्रंदिवस चालून तापतो का, बघायचंय.

चौऱ्याहत्तर हजारांना योग्य आहे का? पोराला गेम खेळायला घ्यायचा असेल तर नाही. पंधरा हजारांचा पुरे. वकिलाला, सीएला, शाळेला नाही. पण कोणी यावर दिवसचे दिवस चित्रं शिजवणार असेल, एकदाही न अडकता, तर योग्य आहे. तिला योग्य आहे. तिने बरोबर निवडला. मी निवडला असता तर स्वस्तातला दिला असता आणि तो आठवड्यात बसला असता.

हे फक्त इथे.

१८ एप्रिल, शनिवार

निर्मला डबा घेऊन आली ती थेट मागच्या खोलीत शिरली. पंखे फिरताना ऐकले तिने.

"अहो, हा फोपनारवाल्यांचाच ना? हा तर मेला होता!"

"तुला काय कळतं त्यातलं."

"मेलेल्याचा श्वास चालू आहे, एवढं कळतं मला. सांगितलं का त्यांना?"

"डबा ठेव आणि जा."

"त्या पोरीचं लग्न लावताहेत तुमच्या एका शब्दावर."

मी म्हटलं, तू दहावीला दोनदा बसलीस, तू मला शब्दाची किंमत शिकवू नकोस. डबा ठेवून गेली. लिंबाचं लोणचं द्यायला विसरली. विसरली नाही, दिलं नाही.

बारावीला मी स्वतः नापास आहे. ते तिने काढलं नाही.

२० एप्रिल, सोमवार

भूमिका आली. एकटी, भर दुपारी. मी मागचा पडदा ओढून घेतला.

"काका, एकच विचारायचं होतं. नंतर परत चालू करून पाहिला का तुम्ही?"

"पाहिला. मेलेलाच आहे."

"डिस्प्ले नाहीच आला?"

"बाई, किती वेळा सांगू? तुझ्या बापाचे पैसे तू पाण्यात घातलेस. आता त्याच्या मनासारखं एक तरी कर. मेडिकलवाल्यांचं घर चांगलं आहे. बसून खाशील."

वाटलं, रडेल. रडली नाही. माझ्याकडे बघत राहिली, गिऱ्हाईक वजनकाट्याकडे बघतं तशी. मग म्हणाली, "ठीक आहे काका. असू द्या मग तिथंच."

पडदा हलत होता पंख्याच्या वाऱ्याने. बघितला असेल का? नसेल.

२३ एप्रिल, गुरुवार

अजून दोन दिवस आहेत. एक फोन. "भाऊ, चालू झाला." तीन शब्द. दुपारी नंबर लावलाही. देवरामने उचलला आणि मी विचारलं, केळीला भाव काय चाललाय!

२५ एप्रिल, शनिवार

मुदत संपली. उद्या देडतलाईवाले. आता सांगून तरी काय उपयोग? उपयोग नाही, म्हणून सांगायचं नाही. सुटलो एकदाचा.

नोकरी करून तरी काय करणार होती! कार्टून.

२८ एप्रिल, मंगळवार

देवराम आला. हातात शाल, श्रीफळ, पाव किलो मावा जिलेबी. मागे भूमिका. दुकानात गोटू आणि चार गिऱ्हाइकं. देवरामने सगळ्यांसमोर माझे पाय धरले!

"भाऊ, पोरीनं सांगितलं सगळं. बोर्ड तुम्ही जिवंत केला, इथंच चालू ठेवला, अन् ती घरी जुन्या लॅपटॉपवरून, इंटरनेटनं जोडून, त्याच्यावरच काम करत होती. दहा दिवस! फिल्म वेळेत गेली. नोकरी लागली पोरीला! देडतलाईवाल्यांना शनिवारीच 'येऊ नका' म्हणून कळवलं. अन् तुम्ही एका शब्दानं बोलले नाही. काय मोठा माणूस!"

गोटूने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच.

मी भूमिकाकडे पाहिलं. तिने पुढे होऊन स्वतःच शाल माझ्या खांद्यावर घातली, नीट, दोन्ही टोकं सारखी करून. तेव्हा कानाशी आली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "काका, पुढच्या वेळी इंटरनेटची वायर काढून ठेवत जा."