वर्षभराची मुदत

२ जून, सोमवार
आज सकाळी अंघोळ केली, देवापुढे हात जोडले आणि मगच दवाखान्याच्या वेबसाइटची नवी फाइल सर्व्हरवर चढवली. दवाखान्याची सुट्टी आता बुधवारऐवजी गुरुवारी. दातांचे डॉक्टर, म्हणजे माझे साडू, दर गुरुवारी कॉलेजात शिकवायला जाणार. काम एका ओळीचं. बुधवार पुसला, गुरुवार लिहिला. माझ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं. गुरुवार बंद. चोख.
ही म्हणाली, एवढं एकच गिऱ्हाईक उरलंय, जपून करा. पन्नाशीच्या माणसाला काय सांगायचं, याचं भान बायकांना नसतं.

५ जून, गुरुवार
दवाखान्याच्या बंद दारापुढे माणसं गाल धरून उभी. सगळ्यांना वेबसाइटने आजचीच वेळ दिलेली. काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. मी माझ्याकडे उघडून पाहिलं, गुरुवार बंदच. म्हणजे चूक त्यांच्या फोनची. तसं सांगितलं. बाईंनी विचारलं, सगळ्यांच्याच फोनची का? मी म्हटलं, साथ असते.

६ जून, शुक्रवार
कारण सापडलं. खरं सांगायचं तर अभिमानच वाटला. पान झटकन उघडावं म्हणून मीच सर्व्हरवर लिहून ठेवलं होतं: फाइल एकदा मिळाली की ब्राउझरने ती वर्षभर जपायची, पुन्हा मागायला यायचं नाही. ब्राउझर आज्ञाधारक निघाले. हल्ली एवढं ऐकतं कोण? माझ्या मशीनवर 'जुनं जपू नको' अशी खूण आहे, म्हणून मला रोज ताजं दिसतं.
लोकांकडे गेलेली फाइल परत बोलावता येत नाही. ठराव: पेशंटना फोन करून ब्राउझर साफ करायला सांगणे. रविवारी विषय संपेल.

८ जून, रविवार
एका आजोबांनी साफसफाई करता करता नातवंडांचे फोटो उडवले. आजींनी फोन हातात घेतला. त्या काय म्हणाल्या ते लिहीत नाही.
संध्याकाळी भाची आली. डॉक्टरांची मुलगी, हेच शिकते. म्हणाली, काका, फाइलचं नाव बदला, शेवटी नुसता दोन लावा. ब्राउझरला वाटेल ही वेगळीच, तो नवी मागून घेईल. म्हटलं, बाळ, त्या फाइलला मी माझ्या आईचं नाव दिलंय. आईला दोन नंबर लावू? तिने चप्पल घातली. पटलं असावं.

१२ जून, गुरुवार
रांग कोपऱ्यापर्यंत. एकाने दाराला लाथ मारली. काउंटरवरच्या बाईंनी नोकरी सोडली. जाताना म्हणाल्या, दात दुखत असला तरी माणसाला शिव्या अगदी स्पष्ट देता येतात.
संध्याकाळी डॉक्टर आले. चहाला हात लावला नाही. म्हणाले, "साडूभाऊ, पुढच्या गुरुवारी पुन्हा असा तमाशा झाला तर काम बाहेरच्या कंपनीला देईन. मग नातं मधे आणू नका."
ते गेल्यावर ही एवढंच म्हणाली की ताईकडे जायला मला तोंड ठेवा.
खोलीत जपाला बसलो. मन लागेना. डोळे मिटले की तीच फाइल. कुणाकुणाच्या खिशात ती बसून आहे, आणि मी इथे. तिची सुटका झाल्याशिवाय माझी होत नाही.

१५ जून, रविवार
आईची मनोमन क्षमा मागितली आणि दोन लावला. एका मिनिटाचं काम. माझ्याकडे उत्तम चालतं. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं, पण घाईचं काम मला मानवत नाही. आता गुरुवारची आनंदाने वाट पाहतोय.

१८ जून, बुधवार
भाचीचा फोन. उद्याच्या वेळा अजून घेतल्या जातायत. तिने विचारलं, वर्षभराची मुदत फक्त त्या फाइलला ना, की अख्ख्या पानाला? मी म्हटलं, मला दुजाभाव जमत नाही, सगळ्यांना सारखी. मग तिने समजावलं: फाइलचं नवं नाव पानात लिहिलंय आणि लोकांकडे पानही जुनंच आहे. त्यांना ते नाव कळणार कुठून?
म्हणजे आईला उगाच दोन केलं.
आता फक्त पान रिफ्रेश केलं तर सुटेल, म्हणाली. पण ते ज्याचं त्याने करायचं.

१९ जून, गुरुवार
सकाळीच दवाखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसलो. येईल त्याला नमस्कार केला, फोन मागून घेतला, पान रिफ्रेश केलं, शुक्रवारची वेळ दिली. एक बाई मला चोर समजल्या. बाकी कुणी लाथ मारली नाही.
कॉलेजातून परतताना डॉक्टर थांबले. खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तमाशा झाला नाही, काम तुमच्याकडेच राहील. फक्त उद्यापासून खुर्ची आत, काउंटरला घ्या."

२० जून, शुक्रवार
वेबसाइट वाचली. ही ताईकडे जाऊन आली, हसत आली. भाचीने आठवण करून दिली की पानाची मुदत अजून वर्षाचीच आहे, त्यामुळे काल मी ज्यांचे फोन रिफ्रेश केले त्यांचं वर्ष कालपासून पुन्हा सुरू झालं. म्हटलं, बघतो, सवडीने बदलू. दवाखान्यात बसणं तात्पुरतंच आहे.
सवड मिळाली नाही. नोकरी सोडलेल्या बाईंच्या खुर्चीची उंची माझ्या मापाने वाढवून घेतली आणि काउंटरवर बसलो.