मावशीच्या गाडीचा डॅशबोर्ड

४ नोव्हें., मंगळ
दुपारी दुकानासमोर हॉर्न. मावशी, लातूरहून नांदेडला आलेली. सत्तरी ओलांडली तरी अँबॅसिडर अजून स्वतःच चालवते. डॅशबोर्ड उन्हानं पार तडकलाय, उन्हाळ्यातलं काळं रान जसं. आतला फोम भुगा होऊन तिच्या पांढऱ्या लुगड्यावर सांडलेला.
"लोहा गावाच्या पुढं धूर आला आतून."
"मग?"
"मग काय. बॅटरीची तार काढली. टपरीवर चहा घेतला. पुन्हा जोडली, आले."
आमचं दुकान सीट-कव्हरचं. असलं काम मी फारसं करत नाही, हे तिला माहीत आहे. म्हणली, सगळं काढ, नवं बसव, पण काकांच्या वेळेला होतं तसंच दिसलं पाहिजे. जेवली, एसटीनं परत गेली. बारा भाकरी, शेंगदाण्याची चटणी ठेवून.

६ नोव्हें.
डॅशबोर्ड उतरवला. आधी बॅटरी, मग स्टिअरिंग, मग मीटर. प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून नाव लिहिलं. खालचं प्लायवूड फुगून पापडासारखं सुटत होतं. दोन वायरी जळून एकमेकींना चिकटलेल्या. आणखी थोडं झालं असतं तर...
स्पीडचा काटा चाळीसवर अडकलेला. पेट्रोलचा कायम फुल. फोन केला, मावशी, स्पीड कसं कळतं तुला?
"खिडकीतून झाडं दिसतात की."

७ नोव्हें.
विजूचा फोन. मावशीचा एकुलता, पुण्यात असतो. म्हणला, "नंदू, गाडी खोललीच हायस तर तशीच ठेव. सांग पार्ट मिळंना. दोन-चार महिन्यांत सवय सुटल तिची." गेल्या महिन्यात तिनं घराच्या फाटकाचा खांब घासला म्हणे. मला बोलली नव्हती.
मी म्हणलं, बघतो.
बायकोला, रेखाला, सांगितलं. ती भाजी निवडत होती. "विजूभाऊजींचं चूक न्हाई. पण खोटं तुम्हाला बोलावं लागंल, त्यांना न्हाई."

११ नोव्हें.
मावशीचा फोन. कुठवर आलं?
"फोम मिळंना गं." दुकानात फोमच्या गाद्या छतापर्यंत रचलेल्या. त्यांच्याकडंच बघत बोललो.
"बरं. घाई नको करू. वाकून वाकून मान धरंल तुझी. मानेला पट्टा लाव."
जेवण गेलं नाही.

१४ नोव्हें.
विजूला बघतो म्हणलं होतं, तरी काम करत राहिलो. नवा प्लाय कापला, मीटरची भोकं पाडली, कडा घासल्या. काळं रेक्झिन उन्हात ठेवून मऊ केलं, मग ताणून बसवलं. एका कोपऱ्यात सुरकुती राहिली, पुन्हा उचकटलं. मीटर दुरुस्त होऊन, नवी काच बसून आले.
लहानपणी मला विषमज्वर झाला तेव्हा मावशीनंच ह्या गाडीतून नांदेडला आणलं होतं. आई मागं रडत. मी पुढं, डॅशबोर्डवर डोकं टेकून. गार लागायचं. मावशी सगळा रस्ता एका हातानं मला धरून. तेव्हा वाटायचं, हिला येत नाही असं काही नसंल.

१६ नोव्हें., रवि
विजूला फोन. म्हणलं, माझ्यानं होत नाही. तू बोल तिच्याशी.
"ऐकत न्हाई ती माझं." मग म्हणला, "लातूरचा नंबर दिसला की वाटतं, झाला अपघात. प्रत्येक टायमाला."
मला वाटत होतं त्याला फक्त स्वतःची सोय पाहिजे. तसं नव्हतं.
लगेच मावशीला लावला. सगळं सांगितलं, फोमचंही.
तिकडून टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला.
"फोम हाय म्हण की मग."
"हाय."
"मग बसव."

१८ नोव्हें.
मावशी एसटीनं आली. डॅशबोर्डवरून हात फिरवला, वास घेतला. "नवी आणली तेव्हा असाच वास होता. तुझे काका महिनाभर काचा लावून बसायचे, वास जाऊ ने म्हणून." हसली. विजूचं नाव काढलं नाही.
अर्धापूरच्या रस्त्याला निघालो. ती चालवत, मी शेजारी. समोर केळीचे ट्रक. हात स्थिर, गिअर लोण्यासारखे. माझाच पाय उगाच ब्रेक शोधत होता.
"काटा दिसतो का मावशी?"
"हालतो ते दिसतं."
"आकडा?"
तिनं आरसा नीट केला. मीच वाचला. पन्नास. थोड्या वेळानं, साठ. तिनं पाय काढला. केळीच्या बागेपाशी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच.
"आकडा पुसट हाय," म्हणली. मग, "आकडा पुसट न्हाई. मीटरची काच तर तू नवीन बसवलीस."
मी मीटरच्या काचेवरून अंगठा फिरवला.
"डोळ्याचा डॉक्टर हाय का तुमच्याकडं चांगला?"
परत येतानाही तिनंच चालवली. मी आकडे वाचत आलो. घरी आल्यावर रेखाला म्हणली, ह्याचा आवाज अगदी कंडक्टरचा हाय.

१९ नोव्हें., बुध
डोळ्यांचा दवाखाना. बाकावर बसून लिहितोय. मावशीच्या डोळ्यांत थेंब घातलेत, सगळं धुरकट दिसतंय म्हणते. विजूचा फोन आला, मी तिच्या हातात दिला.
"जेवलास का... हाव, बसलेय दवाखान्यात... मला आधी सांगायचं ना विजू, भ्या वाटतं म्हणून. मी काय मारते का तुला... तू रडू नको. तपासू दे आधी."
फोन परत दिला. पदरानं डोळे टिपले, म्हणली थेंबानं झोंबतंय.
नाव पुकारलं. मी उठलो. "तू बस. कान शाबूत हायत माझे." पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, भिंत चाचपत आत गेली. दार लागलं.
गाडीची चावी पिशवीत बघितली. नाही. हातात घेऊन गेलीये.