न खेळण्याची पैज

३ मार्च, सोमवार
ही वही सुरू करायला अकरा दिवस उशीर झाला. कबूल. पहिले चार दिवस पेन नव्हतं. मग पेन मिळालं तर ते निळं निघालं, आणि असल्या गंभीर गोष्टी काळ्या शाईत लिहाव्यात असं माझं मत आहे. काळं पेन आणायला निघालो तर वाटेत दोन माणसं जिन्यावरून पियानो उतरवत होती. ते बघण्यात दुपार गेली. पियानो उतरला, भिंतीचा कोपरा गेला.

तर आज पहिला दिवस. म्हणजे तिसऱ्यांदा पहिला दिवस. याआधी सात महिने बारा दिवस मी पत्ते, घोडे, ॲप, कशालाही शिवलो नव्हतो. मग फेब्रुवारीत ताईनं वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीचे पैसे माझ्या हातात दिले आणि मी ते फोनवरच्या चक्रावर फिरवले. पंधरा मिनिटं लागली. जास्त लिहीत नाही, वही नवीन आहे.

मी लाँड्रीत कामाला आणि माझी बहीण घरी हातानं कपडे धुते. यावर भाऊजी पेपरमागे हसले. ताई हसली नाही. "मागची खोली तुला ही शेवटची," म्हणाली. "परत खेळलास तर बॅग दारात दिसेल, आणि ती मी भरलेली असेल."

आईबाबांचं दार गेल्या वर्षीच बंद झालं. मित्रांची दारं त्याच्याही आधी. म्हणजे जगात उघडं असं हे एकच. पण एक दार पुरतं. माणूस एका वेळी एकाच दारातून आत जातो.

संकल्प: पाचला उठणे. पळणे. एक परकी भाषा शिकणे. जुगार सोडणाऱ्यांची शनिवारची मीटिंग न चुकवणे. स्मार्टफोन ताईच्या कपाटात ठेवणे.

४ मार्च, मंगळवार
नऊला उठलो. पळालो, पण बसमागे.

६ मार्च, गुरुवार. चौथा दिवस
आज एक फार मोठी गोष्ट झाली. आमच्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात. मळकी गाठोडी घेऊन येतो तो व्हॅनवाला माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, जग बघितलेला, शांत माणूस. मी त्याला सहज सांगितलं की आपण आता सुधारलो. तो म्हणाला, तू आणि सुधारतोस? महिनाभरसुद्धा टिकायचा नाहीस. मी म्हटलं, टिकणार. तो म्हणाला, लाव पैज.

लावली! एक तारखेपर्यंत, म्हणजे पूर्ण तीस दिवस, मी जुगार खेळलो नाही तर पुढचा महिनाभर माझ्या वाटची गाठोडी तो उतरवणार. खेळलो तर त्याची मी.

मीटिंगमधले लोक वर्षानुवर्षं रडतात, पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. काट्यानं काटा! ज्या खोडीनं मला बुडवलं तिलाच मी कामाला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा अशी पैज मिळाली की जिंकायला काहीच करावं लागत नाही.

८ मार्च, शनिवार
मीटिंग चुकली. कारण चांगलं होतं. पैजेची बातमी लाँड्रीभर झाली आणि सगळ्यांना त्यात यायचं होतं. पैसे नकोत हे मीच ठामपणे सांगितलं; तत्त्व म्हणजे तत्त्व. आमच्याकडे ड्रायरच्या जाळीत चिकटलेला धाग्यांचा गाळ खरवडायचं काम सगळ्यांच्या जिवावर येतं. म्हणून हिशोब जाळ्यांत. बंद मशीनचे नंबर लिहायच्या पांढऱ्या फळ्यावर मी तक्ता आखला. मी पहिल्या आठवड्यात पडलो, म्हणजे परत खेळलो, तर एका जाळीला एक जाळी. तिसऱ्या आठवड्यात पडलो तर एकाला आठ. जिंकणाऱ्याच्या जाळ्या हरलेल्यांनी खरवडायच्या.

रोलरवर चादरी घालणाऱ्या मावशींनी बारावा दिवस धरला. मी दुखावलो. त्या म्हणाल्या, तुझ्यावर माया आहे म्हणून बारा, नाहीतर सातच म्हटलं असतं.

११ मार्च, मंगळवार
कामाचा फार ताण. भाव रोज बदलावे लागतात. सकाळी जांभई दिली तर दोघांनी लगेच आजचा दिवस धरला. जुगारापासून लांब राहणं हे पूर्ण वेळेचं काम आहे, लोकांना कळत नाही.

भाषा कुठली शिकावी हे अजून ठरत नाहीय.

१५ मार्च, शनिवार. तेरावा दिवस
बारावा दिवस पार! मावशी हरल्या. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मुकाट्यानं जाळी खरवडायला घेतली. चांगली बाई.

त्याच आनंदात मीटिंगला गेलो. मीटिंग वाचनालयाच्या वरच्या खोलीत असते, वीस खुर्च्या, पाच-सहा माणसं. घड्याळं दुरुस्त करणारे एक काका ती चालवतात. त्यांना सुटून चौदा वर्षं झाली. मी उभा राहून माझी पद्धत सांगितली. फळा, तक्ता, भाव, सगळं. टाळ्या येतील असं वाटलं होतं. एक बसकंडक्टर बाई ठसका लागेपर्यंत हसल्या.

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे तू पैज लावलीस."

मी म्हटलं, न खेळण्याची.

"न खेळण्याची का असेना. लावलीस ना?"

हा निव्वळ व्याकरणाचा मुद्दा आहे असं मी त्यांना सांगितलं. काही माणसं कोत्या मनाची असतात. आयुष्यभर बारीक चाकं बघून नजरही तेवढीच होते.

त्याच दिवशी, दुपारी
घरी येताना वाटेत विचार केला. पैज म्हणजे जुगार असेल तर मी चौथ्याच दिवशी खेळलो. म्हणजे पैज लावली त्याच क्षणी हरलो. म्हणजे व्हॅनवाला जिंकला आणि गाठोडी माझ्या डोक्यावर. पण पैज म्हणजे जुगार नसेल तर मी अजून जिंकतोय. दोन्ही बाजू नीट तोलल्या. नसतो.

ताईनं विचारलं, मीटिंगला काय झालं. मी म्हटलं, चर्चा रंगली.

१८ मार्च, मंगळवार. सोळावा दिवस
फळ्याकडे बघत बसलो होतो. येता शुक्रवार, एकोणिसावा दिवस, त्यावर कुणीच लावलेलं नाही. एकाला आठ! भाव मीच काढलाय, त्यामुळे तो किती चांगला आहे हे माझ्याइतकं कुणाला कळणार? मावशींना म्हटलं, तुमच्या नावावर माझ्या पाच जाळ्या लावा, कुणाला सांगू नका. त्यांनी विचारलं, तुझ्या पडण्यावर तूच लावतोयस? मी म्हटलं, याला विमा म्हणतात. शहाणी माणसं घराचा विमा काढतात म्हणून कुणी घर जाळत नाही.

चाळीस जाळ्या. दीड-दोन महिने ड्रायरचं तोंड बघायला नको.

२० मार्च, गुरुवार
नीट झोप नाही. चाळीस.

२१ मार्च, शुक्रवार. एकोणिसावा दिवस
जेवणाच्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या दुकानातून एक स्क्रॅच कार्ड घेतलं. एकच. खेळायचं म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. किल्लीनं खरवडलं. त्यात निघालं: आणखी एक कार्ड मोफत. मोफत कार्डाला पैज म्हणत नाहीत, म्हणून तेही खरवडलं. त्यात काही नव्हतं. मग तिसरं घेतलं. तिसरं कशाचा पुरावा होतं ते आता आठवत नाही.

नऊ कार्डं. आठवडाभराचे बसचे पैसेही त्यातच गेले. दुकानदारानं माझ्यासाठी काउंटर पुसून दिला.

लाँड्रीत तीनला पोचलो. कार्डं दाखवली. व्हॅनवाला तोंड फिरवून मळकी गाठोडी मोजायला लागला. ती आधीच मोजलेली होती. कुणीतरी विचारलं, आजचा दिवस कुणी धरला होता? मावशींनी ओल्या उशीच्या अभ्र्यानं अख्खा फळा पुसला, माझे भाव, माझा तक्ता, सगळं. मग अभ्रा परत धुवायच्या ढिगात टाकला आणि म्हणाल्या, "तू जिंकलास रे बाबा."

चालत घरी आलो. पाऊण तास.

२२ मार्च, शनिवार, सकाळी साडेसात
ताई मोरीत भाऊजींच्या शर्टाची कॉलर घासत होती. सगळं सांगितलं. पैज, फळा, विमा, नऊ कार्डं. मध्ये एकदा मी म्हणणार होतो की तांत्रिकदृष्ट्या अठरा दिवस तरी धरता येतील. तिच्या हाताकडे बघून म्हटलं नाही.

ती घासत राहिली. कॉलर केव्हाच स्वच्छ झाली होती. मग तिनं विचारलं की आता कितवा दिवस.

मी म्हटलं, पहिला.

"मग आज राहा," म्हणाली. "उद्या सकाळी परत विचार. उद्याचं उद्या सांगीन."

म्हणजे खोली आता रोजच्या बोलीवर. मी म्हटलं, असं किती दिवस विचारायचं? ती म्हणाली, तू किती दिवस 'पहिला' सांगणार आहेस? शर्ट पिळताना तिनं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही पिळला.

भाऊजी पेपर वाचत होते. आज हसले नाहीत.

त्याच दिवशी, ११ वाजायला दहा मिनिटं
वाचनालयाची वरची खोली. मी लवकर आलोय. जन्मात कुठं लवकर पोचलो नव्हतो. काका खुर्च्या मांडतायत. त्यांना म्हटलं, लावली होती. ते म्हणाले, हो. आणि माझ्याकडे तीन खुर्च्या सरकवल्या, लावायला. या लावायला हरकत नाही म्हणे.

संकल्प: काही नाही. दुपारी जेवायचं, एवढाच.

जिन्यावर पावलं वाजतायत. जड, सावकाश. बसकंडक्टर बाई नाहीत, त्यांचे बूट कळतात. ताई असेल. सकाळी ती कोपऱ्यापर्यंत माझ्यामागे आली होती, मला दिसली. ताईच असणार. पैज ला

ताई नाही. व्हॅनवाला आहे. टोपी हातात घेऊन दारात उभा आहे, आणि काकांना विचारतोय, ती मीटिंग इथंच असते का.